वडिलांनी जमवलेली पेपरची कात्रणं विषयाप्रमाणे लावावीत की तारखेप्रमाणे? आणि प्रत्येकावर काय लिहून ठेवायचं?

वडिलांची तीन खोकी कात्रणं निघालीत आणि तुमचा भाऊ म्हणतोय विषयवार फायली करून टाकू, एवढं वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. विषयवार करू नका, तारखेप्रमाणे लावा. का ते सांगते, लांबेल थोडं.

आमचे नाना लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. चाळीत तीन बिऱ्हाडांत मिळून एक पेपर यायचा आणि महिनाअखेर रद्दी जायच्या आदल्या रात्री त्यात कात्री चालवायचा मान नानांचा. बातमी कापली की त्या पानाच्या डोक्यावरची नाव-तारखेची पट्टी पण कापायचे, टाचणीने जोडायचे, आणि महिन्याची सगळी कात्रणं कालनिर्णयच्या त्याच महिन्याच्या पानात गुंडाळून ट्रंकेत. जूनची जूनच्या पानात. सातवी शिकलेला माणूस, पण कुठलं कात्रण कधीचं हे ट्रंक उघडून दोन मिनिटांत सांगायचा.

नाना गेल्यावर खोली रिकामी करताना ट्रंक दादाकडे गेली. दादाने हौसेने चार मोठ्या वह्या आणल्या, फेविकॉलची बाटली आणली आणि 'संप', 'क्रिकेट', 'गणपती', 'इतर' असं सगळं चिकटवून टाकलं. सर्वांत जाड वही अर्थात 'इतर'ची. टाचण्या गंजल्या होत्या म्हणून पट्ट्यांसकट फेकल्या, कालनिर्णयची पानं रद्दीत. मी विचारलं तर म्हणाला अगं, आता कसं नीटनेटकं दिसतंय.

आता मुद्द्याचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. आमच्याकडे आई खानावळ चालवायची, जेवायला येणारे गडी एकेक करून कोकणात गावी गेले आणि खानावळही बसली. दादाचं प्रत्येक लग्नात-बारशात एकच पालुपद, नाना त्या दिवाळीतच कामावर परत गेले, घर मी सावरलं. मी म्हणायचे नाही, नानांनी दीड वर्ष काढलं, ते कामावर गेले तेव्हा पाऊस लागलेला, माझी शाळा नुकतीच उघडलेली. मी अकरा वर्षांची होते, त्यामुळे 'तुला काय कळत होतं' यावर वाद संपायचा.

'संप' वहीत गिरण्यांतली हजेरी वाढल्याची चार ओळींची बातमी आहे, तिच्या कडेला नानांच्या अक्षरात पेन्सिलीने 'आजपासून हजर', आणि खाली दादाने बॉलपेनने ठोकून दिलंय 'नोव्हें. ८२'. गेल्या पावसाळ्यात वही माझ्याकडे होती, आमच्या भांडुपच्या घरात भिंती घाम गाळतात, तर त्या ओलीने या कात्रणाचा एक कोपरा सुटला. हळूच उचलून बघितलं. मागे अर्धी कापलेली क्रिकेटची बातमी. भारत, वेस्ट इंडीज, 'शनिवारी लॉर्ड्सवर'. म्हणजे सेमीफायनल झालीय, फायनल व्हायचीय. वर्ल्ड कपची सेमीफायनल २२ जूनला, फायनल शनिवारी २५ जूनला, १९८३. तेव्हा हा पेपर २३ ते २५ जूनमधलाच, नोव्हेंबर ८२ मध्ये ही बातमी छापणार कोण?

तर भाऊ, कात्रणाला पाठ असते आणि पाठीवर बरेचदा तारीख सापडते, सिनेमाच्या जाहिराती, सोन्याचा भाव, मॅच, काहीही. म्हणून काहीच चिकटवायचं नाही. फेविकॉल नाही, सेलोटेप तर मुळीच नाही (तो पिवळा होऊन अक्षरांवर उतरतो), लॅमिनेशनवाल्याच्या दुकानाची पायरीही चढू नका, त्यातून कागद परत निघत नाही. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो उजेडात आणि हवेत पिवळा पडणार, ठिसूळ होणार आणि शेजारच्या चांगल्या कागदालाही डाग देणार. म्हणून पाठपोट फोटो काढा, महत्त्वाच्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात, जिथे ओल येणार नाही अशा कपाटात. माळ्यावर नको. कसरीने खाल्लेलं कुणीच भरून देत नाही.

आणि खोकं रिकामं करण्याआधी वडिलांनी ज्या क्रमाने ठेवलंय त्याचे फोटो घ्या. कशाशेजारी काय ठेवलं होतं यातही काहीतरी असतं. संपाच्या एका बातमीच्या कडेला नानांनी तांदूळ आणि रॉकेलचा हिशोब मांडलाय, तो दादाला संपात घालावा की 'इतर'मध्ये हे कळेना, शेवटी त्याने कडच कापून टाकली! सरळ रेषेत, पट्टी लावून.

लिहायचं काय, तर पेपरचं नाव, तारीख, पान, मुंबई आवृत्ती की दुसरी, कडेला हाताने काही लिहिलं असेल तर जसंच्या तसं. हे पाकिटावर लिहा, कात्रणावर नाही. तारीख अंदाजाने लावली असेल तर 'अंदाजे' लिहा आणि कशावरून ते पण लिहा. फोटोच्या फाइलला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं नाव दिलं की सगळं आपोआप ओळीत लागतं. विषय हवेतच तर वेगळ्या वहीत यादी करा, एक कात्रण चार विषयांत लिहिता येतं, चिकटवता एकाच ठिकाणी येतं.

खोक्यांत नुसत्या पाककृती किंवा राशिभविष्य असेल तर एवढं काही करू नका, लावा विषयवार. मी काही यातली शिकलेली नाही. आणि खरं सांगायचं तर नाना कात्रणं महिनाअखेर कापायचे, त्यामुळे 'आजपासून' म्हणजे नेमका कुठला दिवस हे मलाही सांगता येणार नाही. पण तो जून ८३ च्या आधीचा नाही एवढं नक्की.

दादाला त्या कोपऱ्याचा फोटो पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग परवा फोन आला, म्हणे वही परत कधी देतेस.