आधी चप्पल काढायला सांग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून दवाखान्यात तू बसणार. औषधांचं कपाट, केसपेपर, बीपीचं मशीन सगळं दाखवून झालं. एक गोष्ट बोलायची राहिली, म्हणून लिहितोय. लालबाग-परळच्या आपल्या पेशंटांत मधुमेहाचे खूप आहेत. ते आत येतील आणि शुगरचा रिपोर्ट पुढे करतील. तो वाचच, पण त्याआधी त्यांना चप्पल काढून टेबलावर झोपायला सांग.

मला हे फार उशिरा सुचलं. वीसेक वर्षांपूर्वी एक काका यायचे. १९८२च्या संपात गिरणी सुटली, तेव्हापासून वॉचमनची नोकरी. म्हणायचे, "डॉक्टर, करी रोडचा पूल चढताना पोटरीत गोळा येतो. कठड्याला टेकून दोन मिनिटं उभा राहिलो की जातो." मी म्हटलं, वय झालं, आणि ताकदीची इंजेक्शनं दिली. चालताना येणारा, थांबलं की जाणारा आणि तेवढंच अंतर चाललं की पुन्हा येणारा गोळा म्हणजे पायाला रक्त कमी पडतंय, हे मी शिकलो होतो. तरी त्यांच्या पावलाला हात लावला नाही. पुढे काका म्हणाले, आता गोळा येत नाही. मला बरं वाटलं. खरं तर त्यांनी पूल चढणंच सोडलं होतं. बाजारहाट मुलगा करायचा. मग एका पावसाळ्यात नव्या चपलेचा पट्टा करंगळीला लागला. दुखलं नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही. माझ्याकडे आले तेव्हा बोट काळं पडलं होतं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मधुमेहात रक्तवाहिन्या आतून चरबी साठून अरुंद होतात, कडक होतात, आणि बऱ्याचदा गुडघ्याखालच्या बारीक वाहिन्या आधी धरल्या जातात. त्याच पायाच्या नसाही बधिर झालेल्या असतात. त्यामुळे जखम दुखत नाही आणि रक्त नाही म्हणून भरतही नाही. "पाय काही दुखत नाही हो" असं कुणी म्हणालं की निर्धास्त होऊ नकोस, तो पाय आणखी नीट बघ.

नाडी दोन ठिकाणी शोध. पेशंटला पायाचा अंगठा वर उचलायला सांग. पावलाच्या पाठीवर जी दोरी ताणलेली दिसते, तिच्या बाहेरच्या अंगाला एक. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. बोटं हलकी ठेव. जोरात दाबलंस तर स्वतःच्याच बोटांचे ठोके लागतात आणि आपण "नाडी आहे" म्हणून मोकळे होतो. शंका आली तर दुसरा हात त्याच्या मनगटावर ठेवून ताळमेळ बघ. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांनाही जन्मतः लागत नाही, पण घोट्यामागची लागली नाही तर तिथे थांब. पाय मिनिटभर वर धरून तळवा बघ, मग खाली सोडायला लाव. वर पांढुरका आणि खाली लोंबताना हळूहळू लालभडक होणारा पाय पाहून घरचे म्हणतात, रक्त छान आहे. ती लाली चांगली नसते. रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवला तरच झोप येते, असं कुणी सांगितलं तर डॉपलरची, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीची, चिठ्ठी लगेच लिही.

बीपीतला वरचा आकडा घोट्याशी आणि दंडावर मोज; घोट्याचा भागिले दंडाचा हा आकडा ०.९ किंवा त्याहून कमी आला की वाहिनी अरुंद झालेली समज. पण मधुमेहींच्या कडक वाहिन्या बीपीच्या पट्ट्याने दबतच नाहीत, मग आकडा खोटाच वर जातो, कधी १.४च्याही पुढे. तिथे पायाच्या बोटाचा दाब मोजायला हवा. काळं बोट, ताप, पसरणारी लाली, अचानक गार पडलेला पाय यांना उद्या बोलावू नकोस. केईएम रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, त्याच दिवशी पाठव. असल्या पायाला घट्ट पट्टी कधीच बांधू नकोस.

बिडी-तंबाखू सोडायला प्रत्येक भेटीत सांग, दहाव्यांदा असलं तरी. कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करू देऊ नकोस. जखम नसेल तर गोळा येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. कुरूप ब्लेडने कापणं, गरम पाण्याची पिशवी, दोन्ही बंद. सोमवारी रात्री इथून पुष्कळजण अनवाणी सिद्धिविनायकाला चालत जातात. त्यांना जाऊ नका म्हटलंस तर ते तुझ्याकडे यायचे थांबतील. चप्पल घालून जा, देवळाच्या दारात काढा आणि घरी आल्यावर नातीला तळवे बघायला सांगा, एवढं म्हण. बायकांना जोडवी काढायला सांगताना आवाज मऊ ठेव. बोटांमधल्या भेगा त्यांच्याखालीच लपलेल्या असतात.

त्या काकांची बायको अजून येते, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. तिलाही मधुमेह आहे. काही न सांगता चप्पल दाराशी काढते आणि टेबलावर जाऊन बसते. डाव्या घोट्यामागची तिची नाडी गेल्या खेपेला मंद लागली. केसपेपरवर लाल पेनने लिहून ठेवलंय. ती आली की आधी तो पाय बघ.

तुझे,
डॉक्टरकाका