कॅलिपर निघत नाहीये? आधी अडकलंय काय ते शोध

प्रश्न : काका नमस्कार. मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. गाडी बाबांची, अकरा वर्षं जुनी हॅचबॅक, पावसाळाभर गेटपाशी उभीच होती. आता काढली तर पुढच्या डाव्या चाकातून घासल्याचा आवाज येतोय, म्हणून नवीन पॅड आणले नि स्वतःच बदलायला बसलो. उजवं चाक पाऊण तासात झालं. डावीकडे खालचा बोल्ट सरळ निघाला पण वरच्या बोल्टासोबत आतली पिनच गोल गोल फिरतेय आणि कॅलिपर डिस्कवरून जरासुद्धा हलत नाहीये. शेजारचे म्हणतात हातोडीने ठोक, निघेल. ठोकू का? पुढच्या रविवारी आईबाबांना ओंकारेश्वरला न्यायचंय.

उत्तर : नको रे बाबा, ठोकू नकोस. कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, तो ओतीव लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो, एखादा कान तुटला की पूर्ण कॅलिपर नवीन घ्यावा लागतो, आणि ठोके डिस्कवर बसले तर ती वाकडी होऊन पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरणार. तू जे लिहिलंयस त्यातच अर्धं उत्तर आहे. कॅलिपर वर-खाली अशा दोन पिनांवर सरकतो, त्यातली वरची पिन फिरतेय म्हणजे ती जाम नाहीये. खालचा बोल्ट मात्र पिन न धरता सरळ निघाला, म्हणजे खालच्या पिनला कुणीतरी आतून घट्ट धरून ठेवलंय, आणि ते धरणारं म्हणजे गंज. माझा दाट संशय तिच्यावरच आहे. पॅड निघाले की दोन्ही शेजारी ठेवून बघ, आतला (पिस्टनकडचा) बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला असेल तर समज पिनच जाम होती. कारण आपल्या गाड्यांना पिस्टन (ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या) एकाच बाजूला असतो, तो आतला पॅड दाबतो, आणि मग अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. सरकलाच नाही तर सगळी झीज आतल्यावरच.

आता काम. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगड, आणि जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नकोस, घोडी (जॅक स्टँड) लाव. वरच्या बोल्टाच्या डोक्यामागे पिनवर चपट्या कडा असतात, तिथे पातळ तोंडाचा पाना अडकवून पिन धर नि दुसऱ्या पान्याने बोल्ट सोड. जाड पाना तिथे बसतच नाही, बरेच जण इथेच अडकतात. सियागंजला टूल्सच्या दुकानात पातळ पाना मिळेल. बोल्टाचं डोकं झिजायला लागलं असेल तर सहा कोनी सॉकेट वापर, बारा कोनीने उरलंसुरलं डोकंपण जातं.

दोन्ही बोल्ट निघाले तरी कॅलिपर वर येणार नाही असं मला वाटतं, कारण जुन्या डिस्कच्या कडेला गंजाचा उंचवटा तयार होतो, नख फिरवलंस तर खट्कन अडकेल, आणि पॅड त्या कडेच्या आत बसलेले असतात. म्हणून पिस्टन थोडा मागे ढकलायला लागतो. सी क्लॅम्पचं (C आकाराच्या शिकंज्याचं) एक टोक कॅलिपरच्या मागच्या पाठीवर आणि दुसरं बाहेरच्या पॅडच्या पत्र्यावर ठेव नि हळूहळू आवळ, अर्धा फेरा, थांब, परत अर्धा. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण काढ नि थोडं ऑइल सिरिंजने ओढून घे, नाहीतर पिस्टन मागे गेला की ऑइल वर येऊन सांडतं आणि गाडीचा रंग फुगून निघतो (सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओत). पेचकस मध्ये घालून उचकटायचं असेल तर जुन्या पॅडच्या पत्र्यावर जोर दे, पिस्टनवर किंवा त्याच्या रबरी बूटवर (पाणी-धूळ अडवणाऱ्या टोपणावर) अजिबात नको. आणि निघालेला कॅलिपर होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लटकवू नकोस, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांध.

खालची पिन ओढून निघत नाही म्हणून पकडीने खेचलीस तर ती ओरखडेल. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेव. सकाळी पाना लावून थोडं इकडे थोडं तिकडे असं फिरवत राहा, फिरायला लागली की मग बाहेर येते. तरीही नाहीच, तर मागचे दोन बोल्ट सोडून ब्रॅकेटच (पिना ज्यात बसतात तो भाग) काढ नि बाकावरच्या व्हाइसमध्ये धरून हेच कर. गॅसची ज्योत दाखवू नकोस, रबर जळतं, आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर आगच नको, काही क्लीनर तापले की विषारी वायू होतो. पिन बाहेर आली की तिच्याकडे नीट बघ. चांगली पिन ग्रीसने चकचकीत असते, जाम झालेलीवर तपकिरी पावडर असते आणि बहुतेक वेळा तिचा बूट कुठेतरी फाटलेला सापडतो, पाणी तिथूनच आत गेलेलं असतं. बूट नवीन घाल, भोक साफ कर, आणि ग्रीस सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकचंच घे. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंस तर त्याने रबर फुगतं नि दोन महिन्यांत परत हेच.

पिनांचं मी इतकं लिहितोय कारण माझ्यासोबत झालंय. एका गॅरेजमध्ये नवे पॅड टाकून घेतले, त्यांनी पिस्टन दाबला, पॅड बसवले, पिनांना हातच लावला नाही. पंधरा दिवसांनी खंडवा रोडने भेरूघाट उतरताना जळका वास आला. खाली चहाला थांबलो तेव्हा डाव्या रिमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र झालं, मागच्या सीटवर दोन लहान मुलं बसलेली होती. तेव्हापासून पॅड कुणीही बदलो, पिना मी स्वतः फिरवून बघतो.

सगळं बसवून झालं की गाडी हलवायच्या आधी पेडल पंप कर, कडक लागेपर्यंत. हे विसरलास तर पहिला ब्रेक सरळ खाली जाईल. मग रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून वीसवर आणायचं, आठ-दहा वेळा, मध्ये थोडं गार होऊ देत, चाक जाम करून थांबायचं नाही. दहा किलोमीटर फिरून आलास की दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेऊन बघ (चिकटवू नकोस), डावी बाजू जास्त गरम लागली तर ओंकारेश्वर पुढे ढकल, देव कुठे जात नाही.

प्रश्न : दादा, माझ्याकडे पिना साफ केल्या, ग्रीसपण लावलं, तरी पुढचं एक चाक जामच राहतं. कॅलिपर बदलायचा का? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : ताई, पैसे घालवायच्या आधी एक करून बघा. चाक उचलून ब्रेक दोनदा दाबून सोडा, चाक जाम असताना ब्लीडरचं निप्पल (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) जरासं उघडा. ऑइलची पिचकारी येऊन चाक मोकळं झालं तर कॅलिपर बरा आहे, दाब मागे परतत नाहीये, आणि त्याचं कारण बरेचदा रबरी होज असतो, बाहेरून धड दिसतो पण आतून फुगलेला, ऑइल जाऊ देतो नि येऊ देत नाही. निप्पल उघडूनही चाक तसंच राहिलं तर पिस्टन जाम. तो काढून बघावा लागेल, नुसता गंजाचा डाग असेल तर सील किट टाकून चालतं, खड्डे पडले असतील तर कॅलिपरच नवीन. काही गाड्यांना मागच्या चाकालापण डिस्क असते नि हँडब्रेक कॅलिपरमध्येच असतो, तिथला पिस्टन बरेचदा दाबून नाही तर फिरवून आत जातो, तो क्लॅम्पने दाबलात तर आतली यंत्रणा मोडते.

आणि ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवतंय का? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषून जुनं झालं की ही हद्द १५५ अंशांपर्यंत उतरते, घाटात हा फरक पेडलखाली कळतो. शिवाय तेच पाणी आतून पिस्टनला गंजवतं. निप्पल उघडलंच आहे तर सगळं नवीन भरा, हवा काढताना डबा रिकामा होऊ देऊ नका.

प्रश्न : पॅड किती उरले की बदलायचे?

उत्तर : मागचा पत्रा सोडून नुसता मसाला (डिस्कवर घासणारा थर) ३ मिलिमीटर राहिला की बदला. दोन्ही चाकांचे एकदमच.