रिपोर्ट नॉर्मल, मग छाती का धडधडते?

काकूंनी पिशवीतून फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. ईसीजी, टूडी एको, थायरॉईड, साखर, सगळं जागच्या जागी. "डॉक्टर म्हणतात काही नाही. मुलगा म्हणतो, मनाचे खेळ. जाऊबाई म्हणतात, देवळात कौल लावून बघ. मॅडम, काहीच नाही तर मग रात्री छाती अशी का धडधडते हो?"

मी समुपदेशक. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकलाय की काकूंची गोष्ट त्या सगळ्यांची मिळून एक आहे असं समजा. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत. आणि काकू आधी डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या हे उत्तम केलं. छातीचं दुखणं घेऊन थेट माझ्याकडे कुणी येऊ नये.

धडधड नेमकी कधी होते? नुसत्या पावसाने नाही. वारा सुटला आणि पडवीच्या पत्र्याचा कोपरा वाजायला लागला की. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा काकूंच्या घरचा पहिला आवाज हाच होता. पत्रे फडफडले, मग उडाले. मग कौलं गेली. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या त्या नंतर.

मेंदूत आत, बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. धोक्याची खूण ओळखणं हे त्याचं एक काम, आणि ते तो आपण विचार करायच्या आत उरकतो. तारीख-वार त्याला कळत नाही. पत्रा वाजला की हुकूम सुटतो, अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरतं, हृदय वेग घेतं, कातडीकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारासच हे मांडलं होतं: शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं. काकूंनी मात्र गार हात, घशाची कोरड आणि पोटातली कालवाकालव हे तीन वेगळे आजार म्हणून लिहून आणले होते. रिपोर्ट नॉर्मल आले कारण हृदय धडधाकटच आहे. पळ म्हटल्यावर ते पळतंय.

"म्हणजे दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तसंच," काकू म्हणाल्या. मी तीन कागदांवर काढलेली आकृती गुपचूप बाजूला सारली.

पण पहिला उपाय मीच चुकवला. डोळे मिटा, खोल श्वास घ्या, रोखून धरा, असं पढवून पाठवलं. पुढच्या आठवड्यात काकू चिडूनच आल्या. "तुमच्या त्या श्वासानं मला चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या." येणारच. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यावर आणखी मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि नेमकं हेच होतं. शिवाय डोळे मिटले की त्यांच्यापुढे ती वादळाची दुपार उभी. मग त्यांच्याच म्हणीतली फुंकर उचलली. डोळे उघडे, पाय जमिनीला, आणि गरम पेजेवर घालतो तशी सावकाश, लांब फुंकर. श्वास सोडताना व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचे ठोके जरा सावरतो, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब. (हल्ली जो तो प्रत्येक गोष्टीचं श्रेय या एका मज्जातंतूला देतो. एवढं मला पटत नाही.)

खरं दुखणं तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. त्या दुपारी सासूबाई आतल्या खोलीत होत्या. "हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना. पाय हलेनात. मुलानं त्यांना उचलून बाहेर आणलं. मी खांबासारखी उभी. मीच अशी कशी हो?"

सासूबाईंना खरचटलंही नव्हतं. पण ही लाज काकूंनी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. लढता येत नाही, पळायला वाट नाही, तेव्हा शरीर थिजतं. आवाज बसतो, पाय जड होतात. ससासुद्धा असाच थिजतो, आणि त्याला कुणी भित्री सून म्हणत नाही. हे ऐकून काकू आधी हसल्या आणि मग बराच वेळ रडल्या. त्या दिवशी मी दुसरं काही शिकवलं नाही.

मी विचारलं, धडधड कुठे होत नाही? ओटीवर बायका सुपारी सोलायला बसतात तिथे, म्हणाल्या. हातांना काम, ओळखीचे आवाज, कुणीतरी कुणाची तरी टिंगल करतंय. वारा असला तरी. "घाबरू नकोस" या शब्दांनी शरीराची समजूत पटत नाही, अशा खुणांनी पटते. मग ठरलं: वारा वाढला की एकटीनं खोलीत पडून राहायचं नाही, जाऊबाईंना हाक मारायची. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोबाइलमध्ये घालून दिला. आणि मुलाकडून पत्र्याचा तो कोपरा हूक मारून घट्ट करून घेतला. सैल पत्र्याला समुपदेशन लागू पडत नाही.

मे महिन्यात वळीव आला, त्या रात्री फोन आला. "वारा सुटला. झालं, धडधडलं. फुंकर घातली, पण थोडंच कमी झालं."

"मग?"

"मग हाक मारली जाऊबाईंना. एवढी मोठी की पलीकडच्या आळीतले दिवे लागले."