मॉडर्न चर्च आणि आपला पाऊस

प्रश्न : आमच्या गावातलं चर्च नव्याने बांधायचं चाललंय. जुनं कौलारू छप्पर काढून सपाट स्लॅब आणि पुढे सगळी काच असं डिझाइन आलंय. कमिटीतले एक काका मोबाईलवर आल्प्समधल्या मॉडर्न चर्चचे फोटो दाखवतात नि म्हणतात, डोंगरात एवढ्या बर्फात चालतं मग इथे का नाही? तुमचं काय म्हणणं?
– एक वाचक, वसई

उत्तर : काकांना म्हणावं फोटो जरा झूम करून बघा! फ्रान्समध्ये प्लातो द'आसी म्हणून डोंगरातलं ठिकाण आहे, पूर्वी टीबीचे पेशंट हवापालटाला जायचे तिथे, तिथलं चर्च आर्किटेक्ट मॉरिस नोव्हारिनाने बांधलं, 1950 साली त्याचं उद्घाटन झालं. आत मातीस, शागाल या चित्रकारांचं काम, दर्शनी भिंतीवर चित्रकार लेजेचं मोझेइक, म्हणजे त्या काळातलं एकदम लेटेस्ट, आणि कलाकारांत कोणी ज्यू तर कोणी कम्युनिस्ट, फादर लोकांनी तरी बोलावलं. शिल्पकार जर्मेन रिशिएने केलेला क्रूसावरचा बिनचेहऱ्याचा येशू मात्र लोकांना झेपला नाही, 1951 मध्ये बिशपनी तो हलवायला लावला, बऱ्याच वर्षांनी परत आला. (तुमच्या कमिटीतली भांडणं त्यामानाने काहीच नाहीत.)

पण छप्पर बघा ना, तिथल्या गावातल्या घरांसारखंच, रुंद, कमी उताराचं, पुढे भरपूर आलेलं. तिकडे उतार कमी कारण बर्फ वरच राहू देतात, गोधडीसारखी ऊब धरतो तो. आपल्याला उलट पाणी झटकन खाली हवं म्हणून आपली कौलं उभट. म्हणजे उतार त्यांचाही कॉपी करायचा नाही, तो तसा का ठेवलाय ते समजून घ्यायचं. स्वित्झर्लंडमध्ये मोन्यो गावात 1986 साली हिमकडा कोसळून जुनं चर्च गेलं, आर्किटेक्ट मारिओ बोत्ताने नवीन बांधलं त्याचं छप्पर काचेचं आहे हे खरं, पण भिंती तिथल्याच दगडाच्या, पांढरा संगमरवर नि करडा ग्रॅनाइट आलटून पालटून. आपल्याकडे चिरा आहे की, तो लपवून वर टाइल्स का चिकटवायच्या कळत नाही मला.

स्लॅबचं तर तुम्ही स्वतः बघितलंच असेल, कोकणात सपाट स्लॅब टाकतात, चार पावसाळ्यांत गळतो, मग वर पत्र्याची शेड चढवतात नि ती शेडच शेवटी लांबून दिसते. आर्किटेक्टला एवढंच विचारा, पागोळ्या कुठे पडणार, झड आली की काच कोण पुसणार, आणि मिस्सा सुटल्यावर दोनशे माणसं छत्र्या उघडेपर्यंत उभी कुठे राहणार?