आई-वडील दोघांनाही बीपी आहे. मी ३४ वर्षांचा, नाशिकला असतो. मलाही होणारच, मग आत्तापासून पथ्य कशाला?

होणारच असं नाही, शक्यता वाढते. आणि वारशाने नुसती जनुकं येत नाहीत, घरातला मिठाचा हातही येतो. तो बदलता येतो.

‘डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही’ ही समजूत जास्त घातक. वाढलेलं बीपी बहुधा काहीच जाणवू देत नाही, म्हणून मोजा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. ५ मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहून ठेवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगाच जास्त येतो. घरची सरासरी वारंवार १३५/८५ किंवा त्याहून जास्त दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाणही धरायचं. रविवारची मिसळ चालेल, रोज चिवडा नको. (सैंधवही मीठच!) गोदापार्कवर आठवड्यातून ५ दिवस ३० मिनिटं भरभर चाला: बोलता यावं, पण गाता येऊ नये इतकं.