पोस्टर बाजूला ठेवा, आधी तास मोजा

प्रश्न थोडक्यात असा: वर्षातून एकदाच आठवडाभर रजा मिळते, टेक्नो, हाउस, अँबियंट असं इलेक्ट्रॉनिक संगीत मनापासून ऐकतो, बेल्जियमच्या अवाढव्य टुमॉरोलँड फेस्टिव्हलसारखी गर्दी नको, मग विमानाचं तिकीट काढून जावं असा छोटा फेस्टिव्हल शोधायचा कसा?

नुसती नावं सांगून उपयोग नाही, कारण छोटे फेस्टिव्हल टिकतातच असं नाही. जर्मनीत सॅक्सनीतल्या ओल्गानित्स गावचा नाख्टडिगिटाल १९९८ पासून चालू होता, तिकिटं ३००० च्या आसपासच ठेवायचे, लोक जीव टाकायचे त्याच्यावर. २०१९ नंतर बंद. म्हणून शोधायची रीतच सांगतो, ती दरवर्षी कामी येईल.

सुरुवात फेस्टिव्हलच्या याद्यांपासून करू नका, डीजेंपासून करा. ज्यांचे दोन-तीन तासांचे सेट, म्हणजे सलग वाजवलेले कार्यक्रम, तुम्ही पुन्हापुन्हा ऐकता असे पाच जण निवडा. फार मोठी नावं नकोत, ती सगळीकडेच वाजवतात. रेसिडेंट अ‍ॅडव्हायझर या क्लब-संगीताच्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या पानावर झालेल्या कार्यक्रमांची यादी असते. मागच्या दोन वर्षांतल्या मे ते सप्टेंबरच्या तारखा वहीत उतरवा आणि क्लब खोडून टाका. उरतील त्या बहुतेक शेतातल्या, किल्ल्यातल्या, जुन्या कारखान्यातल्या जागा. पाचापैकी तिघांच्या यादीत एकच अनोळखी नाव आलं, तर तिथे तुमच्या कानाशी जुळणारा कोणीतरी कलाकार निवडतोय. मग साउंडक्लाउड या संगीताच्या साइटवर त्या फेस्टिव्हलचं नाव टाकून तिथली रेकॉर्डिंग ऐका.

आता गणित, एकेकाला सरासरी किती वेळ मिळतो त्याचं. दिवस गुणिले रोजचे तास गुणिले स्टेज, भागिले कलाकार. तीन दिवस, रोज १२ तास, दोन स्टेज म्हणजे ७२ तास. पोस्टरवर ४० नावं असतील तर प्रत्येकाला सरासरी १ तास ४८ मिनिटं. दुसरीकडे पाच स्टेज, रोज ८ तास, म्हणजे तीन दिवसांत १२० तास, आणि नावं ११०. सरासरी जेमतेम ६५ मिनिटं. हा फरक फार मोठा आहे. तासाभरात डीजेला पहिल्या दहा मिनिटांतच डान्सफ्लोर पेटवावा लागतो, मग प्रत्येक जण पहिल्यापासून जोरातच वाजवतो आणि संध्याकाळी सहाला जे ऐकता तेच रात्री दोनला. तीन तास हातात असले की तो हळू सुरू करतो, मधेच वीस मिनिटं ठेका काढून घेतो, पिशवीच्या तळाची, एरवी न वाजणारी रेकॉर्ड काढतो. प्रवास करायचा तो यासाठी. दोघे मिळून वाजवत असतील तर एकच नाव धरा, आणि लाइव्ह सेट (रेकॉर्ड न लावता कलाकार स्वतःचं संगीत तिथेच वाजवतो ते) वेगळे काढा, कारण ते तासाभराचेच असतात. डीजेंची सरासरी ७५ मिनिटांच्या खाली गेली तर मी तो फेस्टिव्हल यादीतून काढतो, पोस्टर कितीही देखणं असो.

मागच्या तीन वर्षांची पोस्टरंही शेजारी ठेवून बघा. पाच-सहा नावं दरवर्षी परत येत असतील तर ती उणीव समजू नका, उलट चांगली खूण आहे. बोलावणाऱ्यांना आपला सूर माहीत आहे आणि वाजवणाऱ्यांना तिथे परत यावंसं वाटतं. सगळीच नावं दरवर्षी नवी असली की बहुधा एजन्सीने जे दिलं ते घेतलेलं असतं.

साउंड सिस्टिमबद्दल कोणी विचारत नाही, आणि तिथेच लोक फसतात. अधिकृत व्हिडिओवर जाऊ नका, त्यावर गाणं मागाहून चढवलेलं असतं. लोकांनी फोनवर काढलेले व्हिडिओ बघा आणि स्पीकर कुठे आहेत ते शोधा. डान्सफ्लोरच्या चारही कोपऱ्यांत स्पीकर असतील तर ते ऐकणाऱ्यांसाठी लावलेत. फक्त स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला सबवूफरचे (फक्त बास वाजवणाऱ्या स्पीकरचे) ढीग असतील, तर बास जागेनुसार बदलतो. ६० हर्ट्झची लाट साधारण ५.७ मीटर लांब असते. तुम्ही मध्यरेषेपासून सरकलात आणि एका ढिगाचं अंतर दुसऱ्यापेक्षा २.८५ मीटर जास्त झालं, की दोन्हीकडचा तो स्वर एकमेकांना खातो. चार पावलं बाजूला गेलं की किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, गायब होते ती त्यामुळेच. अशा ठिकाणी साउंडवाल्याच्या मिक्सर-टेबलापुढे, बरोबर मध्ये उभं राहायचं. इअरप्लग फिल्टरवाले घ्या, १५ ते २० डेसिबल कमी करणारे. स्पंजाचे स्वस्त प्लग वरचे सूर मारतात आणि माणूस वैतागून ते काढून टाकतो. उघड्या कानांना ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं.

फेस्टिव्हलच्या जागेपासून शेजारची घरं किती लांब आहेत हे नकाशावर मोजा. रात्री जमीन थंड होते, वर गरम हवेचा थर राहतो आणि आवाज वाकून परत खाली येतो. दुपारी ऐकू न येणारा बास रात्री दोन किलोमीटरवरच्या घरात पोचतो, तक्रार येते आणि आयोजक आवाज उतरवतात. आपल्याकडे तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियमच आहेत: उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणून गोव्यातल्या एखाद्या नव्या फेस्टिव्हलने उघड्यावर ‘पहाटेपर्यंत’ लिहिलं असेल, तर कोणत्या परवानगीवर ते आधी विचारा. पहिल्याच वर्षाच्या फेस्टिव्हलसाठी तर विमानाचं तिकीट काढूच नका, निदान त्याच मंडळींनी आधी दोन-तीन वर्षं क्लब नाइट चालवल्या नसतील तर.

पहिल्यांदाच जात असाल तर तंबूत राहावं लागेल असा नको, शहरातला निवडा. पोलंडमधल्या क्राकूवचा अनसाउंड २००३ मध्ये सुरू झाला, हल्ली तो ऑक्टोबरमध्ये होतो. फार छोटा म्हणता येणार नाही, पण शहरभर वेगवेगळ्या जागी पसरलेला असतो, म्हणून गर्दी अंगावर येत नाही. साधं हॉटेल, ट्राम, झालं. बेल्जियमच्या जर्मनभाषक भागातल्या ऑयपेनचा मेआकुस्मा जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत होतो, तो खरा छोटा. ब्रसेल्सहून थेट ट्रेन जाते आणि ऑयपेन हे तिचं शेवटचं स्टेशन. वेल्समधल्या फ्रीरोटेशनची ख्याती ऐकून धावू नका, तो सभासदांचा आहे, ओळखीशिवाय तिकीट मिळत नाही, आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. देशातल्या देशात राजस्थानात शेखावाटीतल्या अलसीसर महालात २०१३ पासून भरत आलेला मॅग्नेटिक फील्ड्स माहीत असेलच. यंदा आहे का, कुठे आहे, हे त्यांच्याच पानावर बघा. डिसेंबरच्या वाळवंटी रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा स्वेटरवर भागणार नाही, जाड जाकीट न्या.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्यासाठी मात्र अपॉइंटमेंटच लवकर संपतात, तेव्हा मार्चपासूनच मागे लागा. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. राहण्याचा पुरावा म्हणून नुसतं फेस्टिव्हलचं तिकीट पुढे करू नका. तंबूची जागा तिकिटावर लिहिलेली असली तरी आधीच्या आणि नंतरच्या रात्रीचं हॉटेल दाखवा, रद्द करता येणारं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करून घ्या. तो बंद राहिला तर फेस्टिव्हलमध्ये खर्चासाठी मिळणाऱ्या मनगटावरच्या पट्ट्यात पैसे भरता येत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत.

तंबूवाल्या ठिकाणी जायचंच असेल तर उभा केलेला तंबू भाड्याने घ्या. २३ किलोच्या सामानात तंबू, गादी, झोपण्याची पिशवी बसवणं जिकिरीचं, आणि स्टोव्हचं गॅसचं नळकांडं विमानात नेताच येत नाही. परतीचं विमान सोमवारी सकाळचं घेऊ नका, मंगळवारचं घ्या. शेवटचा सेट काही ठिकाणी सोमवार उजाडेपर्यंत चालतो, आणि स्टेशनकडे जाणाऱ्या पहिल्या बसला सगळेच एकदम रांग लावतात.