‘इथं येऊन चूक केली का?’ : म्युनिकमधला पहिला हिवाळा

‘मी इथं येऊन चूक तर केली नाही ना?’ म्युनिकमधल्या एका तरुण अभियंत्याचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नोकरीला अडीच महिने झालेले, डिसेंबर, साडेचारलाच अंधार. झोप उडालेली. सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढतील, हा घोर वेगळाच.

अशा वेळी मनाआधी कागदपत्रांची चौकशी करावी. तो ओळखीच्या मुलाकडे पोटभाडेकरू होता. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘अनमेल्डुंग’, करायची असते आणि तिला घर देणाऱ्याची सही लागते. ‘मालक परगावी आहे’ म्हणून ती लांबत गेली. खरं तर पोटभाडेकरूला मूळ भाडेकरूचीच सही चालते. नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून पगारातून सहाव्या करवर्गाचा, म्हणजे सर्वांत जड, कर. कंपनीनं फसवलं असं तो धरून बसला होता. क्रमांक दिल्यावर जास्तीची कपात पुढच्या पगारात दुरुस्त होते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नोंदणी झाली, तरी क्रमांकाचं पत्र येईना. टपालपेटीवर त्याचं आडनाव नव्हतं! तिथं पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघूनच पत्र टाकतो. आडनावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी चिकटवा.

मग संध्याकाळ. सहाला घरी आला की व्हिडिओ कॉल. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, म्हणजे आईकडे साडेदहा. बारापर्यंत ती जागी, आणि याची संध्याकाळ संपलेली. आईशी बोलणं तोडायचं नव्हतं, वेळ बदलायची होती. सकाळी साडेसातला ट्रामकडे चालताना पंधरा मिनिटं, तिकडे दुपारचे बारा. निवांत गप्पा रविवारी, नाहीतरी दुकानं बंदच असतात.

मोकळ्या संध्याकाळी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षण केंद्रात, जर्मनचा वर्ग, आठवड्यातून दोनदा. तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसले की ओळख होते. एखाद-दुसऱ्या कार्यक्रमानं ती होत नाही. महाराष्ट्र मंडळात गणपतीला जावंच, पण त्यानं मंगळवारची संध्याकाळ भरत नाही. ऑफिसात जेवताना सगळे जर्मन बोलतात म्हणून तो डबा जागेवरच खायचा. ‘माल्त्साइट’ (जेवणाच्या वेळचं जर्मन अभिवादन) म्हणून त्यांच्या टेबलावर बसायचं, वीस मिनिटं काही कळलं नाही तरी चालेल, असं ठरलं.

परतायचं की नाही, हे एप्रिलपर्यंत ठरवायचं नाही. अंधाराच्या महिन्यांत घेतलेला असा निर्णय बहुधा थकव्याचा असतो. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक उडाली, कशातच रस उरला नाही, तर एप्रिलची वाट पाहू नये. ११६११७ या वैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकावर सायकोथेरपिस्टची पहिली वेळ मागता येते, सरकारी आरोग्य विमा खर्च उचलतो. जीव द्यावासा वाटला तर त्याच क्षणी ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन.